झिप केल्यावर फोटोंची साइज कमी होत नाही पण एक्सेलच्या डेटाची होते, असं का? आणि झिपबद्दल अजून थोडे प्रश्न

साइटऑफिस_सातारा

नमस्कार मंडळी. मी एका सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात बिलिंग आणि टेंडरचं काम बघते. टेंडरची कागदपत्रं डाउनलोड केली की झिपमधे येतात, आर्किटेक्टकडून ड्रॉइंग येतात ती रारमधे (झिपसारखाच दुसरा प्रकार), साइटवरचे फोटो आम्हीच झिप करून सब-डिव्हिजनला पाठवतो, आणि आरए बिलाचा (म्हणजे चालू कामाच्या बिलाचा) सगळा सेट महिन्याच्या शेवटी एका झिपमधे टाकून पेनड्राइव्हवर जातो. म्हणजे दिवसभर हेच चाललेलं असतं पण आत नक्की काय होतं हे कुणी कधी समजावून सांगितलं नाही, विचारलं की "साइज कमी होते" एवढंच उत्तर मिळतं आणि तेही धड खरं नाही असं मला दिसतंय.

आता हेच बघा, परवा साइट फोटोंचं फोल्डर साधारण ४८० एमबीचं होतं, झिप केलं तर ४७० च्या वरच राहिलं. आणि त्याच दिवशी मटेरियल रजिस्टरची सीएसव्ही (एक्सेलचा डेटा साध्या मजकुराच्या फाइलमधे काढलेला) ९० एमबीची होती ती झिप केल्यावर ७ एमबी झाली! स्कॅन केलेल्या पीडीएफचंही फोटोंसारखंच, काही फरकच पडत नाही. हे असं का?

दुसरं, आमच्या इंजिनिअरनी झिपवर डबल क्लिक करून आतली एस्टिमेटची एक्सेल उघडली, दुपारभर रेट भरले, सेव्ह केलं, आणि नंतर बघतात तर झिपमधे जुनीच फाइल. भरलेलं गेलं कुठे?

तिसरं, मराठी नाव असलेल्या फाइली एका जुन्या कॉम्प्युटरवर झिपच होत नाहीत, एरर येते. आणि चौथं म्हणजे मजुरांचे आधार, बँक पासबुक वगैरे पाठवायचे असतात त्याला पासवर्ड लावायचा तर विंडोजमधे तसा पर्याय मला सापडला नाही. कृपया जरा सविस्तर सांगा, मी कॉम्प्युटरवाली नाही पण समजून घ्यायची तयारी आहे.

कोडकट्टा

ताई, प्रश्न फार चांगले विचारलेत, पहिल्याचं उत्तर मी नीट देतो कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

झिप दोन वेगळी कामं करते. एक म्हणजे अनेक फाइलींची एक फाइल करणं आणि दुसरं म्हणजे प्रत्येक फाइल दाबून लहान करणं. दुसरं काम जमेलच असं नाही, पहिलं मात्र नेहमी होतं.

दाबणं कसं होतं ते तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊन सांगतो. तुमच्या एखाद्या पत्रात "कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग" हे किती वेळा येतं? पहिल्यांदा येतं तेव्हा झिप ते पूर्ण लिहून ठेवते. पुढच्या वेळी आलं की पुन्हा लिहीत नाही, फक्त "इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके बाइट उचल" अशी छोटी खूण ठेवते. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोघांनी १९७७ साली मांडली. त्यावर अजून एक थर असतो, जी चिन्हं सारखी सारखी येतात त्यांना छोटा कोड आणि जी क्वचित येतात त्यांना मोठा कोड, ही हफमनची पद्धत १९५२ पासूनची आहे. या दोन्ही एकत्र केल्या की जे होतं त्याला डिफ्लेट म्हणतात आणि तुमची रोजची झिप ९९ टक्के वेळा हेच वापरते.

म्हणजे सगळा खेळ पुनरावृत्तीचा आहे. मटेरियल रजिस्टरमधे "सिमेंट ५३ ग्रेड", "बॅग", तारखा, सप्लायरचं नाव हे हजारो ओळीत तेच तेच आहे, म्हणून ९० चे ७ झाले. मराठी मजकूर तर अजूनच छान दबतो, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीच्या फाइलमधे प्रत्येक देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो, दुसराही दोनपैकी एक, मग दाबायला भरपूर वाव मिळतो.

फोटोचं काय होतं की जेपीजी ही फाइल मोबाइलने आधीच दाबलेली असते. डोळ्याला फारसं जाणवणार नाही ते तपशील काढून टाकलेले असतात आणि उरलेल्यावर हफमन किंवा तसलंच काहीतरी चालवून झालेलं असतं. त्यात पुनरावृत्ती उरतच नाही, मग झिप दाबणार काय? व्हिडिओचं तेच. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे आत फोटोच असतात, म्हणून तीही हलत नाही. तिथे साइज कमी करायची तर ती स्कॅन करतानाच करायला लागते. टेंडर पोर्टलच्या सूचनांमधे एक ओळ असते बघा, की कागदपत्रं १०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) आणि ब्लॅक अँड व्हाइटमधे स्कॅन करा, बहुतेक लोक ती वाचतच नाहीत आणि ३०० डीपीआय कलरमधे स्कॅन करून मग झिपकडून चमत्काराची अपेक्षा करतात.

अजून एक, वर्ड एक्सेलच्या २००७ नंतरच्या फाइली, डीओसीएक्स आणि एक्सएलएसएक्स, या मुळातच झिप आहेत. खरंच. म्हणून त्या झिप करूनही फार लहान होत नाहीत, सीएसव्ही मात्र होते.

डीटीपीवाली

कोडकट्टा यांनी छान सांगितलंय, मी फक्त एक जोडते कारण माझ्या मते साइटऑफिस ताईंच्या कामात तो मुद्दा साइजपेक्षा मोठा आहे. झिपमधून फाइल बाहेर काढली की ती जशीच्या तशी निघते, एका बिटचाही फरक नाही. हे फार महत्त्वाचं आहे!

तुम्ही साइटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेत की ते परत दाबले जातात आणि फोटोच्या आत लपलेली माहिती, म्हणजे कधी काढला, कुठल्या अक्षांश रेखांशावर काढला, ती निघून जाते. आणि हल्ली बिलाला जिओ-टॅग फोटो मागतात ना? मग समोरचा म्हणतो लोकेशन दिसत नाही आणि आपण म्हणतो मोबाइलमधे तर ऑन होतं. तेच फोटो झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळं जागच्या जागी राहतं, व्हॉट्सअ‍ॅपला डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत चालतं. म्हणजे साइज एक केबीने कमी झाली नाही तरी झिप करण्यात अर्थ आहे.

आमच्या प्रिंटिंगच्या धंद्यात तर झिपशिवाय पान हलत नाही. पुस्तकाची ओपन फाइल (म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल), त्यातले फोटो, आणि फॉन्ट हे तिन्ही एकत्र गेलं तरच प्रेसवर ते उघडतं, एक फॉन्ट राहिला की सगळी जोडाक्षरं फुटतात आणि रात्री दहाला फोन येतो. सुट्या फाइली मेलला लावल्या की हमखास एखादी राहते, म्हणून आधी सगळं एका फोल्डरमधे, मग फोल्डरची झिप, आणि मग पाठवायच्या आधी ती झिप स्वतः दुसरीकडे उघडून बघायची.

मराठी नावांचं सांगते. झिपचा मूळ फॉरमॅट आला तेव्हा फाइलच्या नावासाठी जुनी आयबीएमची इंग्रजी अक्षरांची यादीच धरलेली होती, त्यात देवनागरीला जागाच नव्हती. २००६ मधे फॉरमॅटमधे सोय झाली की नाव युनिकोडमधे आहे अशी खूण ठेवता येते, पण विंडोज ७ चं स्वतःचं झिप ती वापरत नव्हतं, म्हणून तुमच्या जुन्या मशीनवर "ही अक्षरं कॉम्प्रेस्ड फोल्डरमधे वापरता येत नाहीत" अशा अर्थाची एरर येते. उपाय सोपा, सेव्हन-झिप नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्याने मराठी नावं व्यवस्थित बसतात. तरीपण उघडणाऱ्याकडे जुनं काही असेल तर नावाच्या जागी कचरा अक्षरं दिसू शकतात, आतली फाइल मात्र ठीक असते, घाबरू नका. आणि मराठी नावं फार लांब ठेवू नका. लिनक्सच्या सर्व्हरवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि एका देवनागरी अक्षराला ३ बाइट, म्हणजे ८५ अक्षरं, त्यात काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात! "मौजे अमुक ते तमुक रस्ता सुधारणा करणे किमी अमुक ते तमुक..." अशी कामाची पूर्ण नावं फाइलला दिली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. कामाचा नंबर आणि छोटं नाव पुरतं.

साइटऑफिस_सातारा

बापरे, जिओ-टॅगचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचे सुपरवायझर ग्रुपवरच फोटो टाकतात आणि ते तिथूनच डाउनलोड करून आम्ही लावतो, म्हणजे झिप करायच्या आधीच माहिती गेलेली असते. आजच सांगते त्यांना. १०० डीपीआयचंही करून बघितलं, अनुभवाच्या दाखल्यांची पीडीएफ परत स्कॅन केली तर खरंच कितीतरी लहान झाली आणि शिक्के सही सगळं वाचता येतंय.

झिपमधे सेव्ह केलेलं कुठे जातं आणि पासवर्डचं कुणी सांगेल का?

हिशोबनीस

ताई, मी एका सीए फर्ममधे आहे, पासवर्डवाल्या झिप आमच्याकडे रोजच्याच, त्यामुळे ते मी सांगतो.

विंडोजचं स्वतःचं झिप पासवर्ड लावू शकत नाही, तुम्हाला सापडलं नाही ते बरोबरच आहे, तिथे तो पर्यायच नाही. सेव्हन-झिपमधे फोल्डरवर राइट क्लिक, अ‍ॅड टू आर्काइव्ह, मग उजवीकडे एन्क्रिप्शनचा, म्हणजे फाइलला कुलूप लावायचा, चौकोन दिसतो. फॉरमॅट झिप ठेवलात तर तिथे दोन पर्याय येतात, झिपक्रिप्टो आणि एईएस-२५६. झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत, ती तोडण्याची रीत १९९४ सालीच प्रसिद्ध झालेली आहे, आतल्या फाइलीचा थोडासा भाग जरी हल्लेखोराला आधीच माहीत असला तरी पासवर्ड न ओळखता कुलूप उघडता येतं. आधार, पासबुक, पगारपत्रक असल्या गोष्टींना ती लावून काही उपयोग नाही. एईएस-२५६ ही मजबूत पद्धत, तीच घ्या. त्यात अडचण अशी की विंडोज १० वर नुसती डबल क्लिक करून ती झिप निघत नाही, समोरच्याकडेही सेव्हन-झिप किंवा तसलं काही लागतं, मग फोन येतो की फाइल करप्ट आहे. फाइल करप्ट नसते. पाठवतानाच मेलमधे एक ओळ लिहा की सेव्हन-झिपने उघडा.

आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं की झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं कुणालाही दिसतात. तुम्ही प्रत्येक मजुराच्या नावाने आधारची फाइल ठेवली असेल आणि त्यात नंबरही टाकला असेल (असं करणारे आहेत!) तर तो नंबर पासवर्डशिवायच उघडा पडतो. नावंही झाकायची तर फॉरमॅट सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा) निवडा, मग "एन्क्रिप्ट फाइल नेम्स" अशी टिक करायला मिळते, झिप फॉरमॅटमधे ती मिळत नाही.

पासवर्ड त्याच मेलमधे लिहू नका, फोनवर सांगा किंवा एसएमएस करा. आणि मोबाइल नंबर, जन्मतारीख, फर्मचं नाव आणि वर्ष असले पासवर्ड नकोत. आधारची ऑफलाइन ई-केवायसीची फाइल डाउनलोड केली तर ती सुद्धा झिपच येते आणि तिला आपण ठरवलेला ४ अक्षरी शेअर कोड असतो, तिथे तेवढाच चालतो कारण पद्धत तशी आहे, पण म्हणून आपल्या झिपलाही चारच अक्षरं लावायची असं नाही. लोकांची कागदपत्रं आपल्याकडे विश्वासाने दिलेली असतात, मजुराला तर आपले कागद कुठे कुठे फिरतायत हे कळतही नाही, तर निदान आपण तेवढं सांभाळावं असं मला मनापासून वाटतं.

जुना_सर्व्हर

झिपमधे सेव्ह केलेल्याचं मी सांगतो. विंडोजमधे झिपवर डबल क्लिक केलं की ती फोल्डरसारखी दिसते, म्हणून सगळे फसतात. आतल्या एक्सेलवर डबल क्लिक केलं की विंडोज तिची एक तात्पुरती प्रत टेम्प फोल्डरमधे काढतं, टेम्प१ आणि पुढे झिपचं नाव अशा फोल्डरमधे, आणि एक्सेल ती प्रत उघडतं. वर टायटल बारमधे रीड-ओन्ली असं लिहिलेलंही असतं पण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. सेव्ह करायला गेलं की सेव्ह अ‍ॅजची खिडकी येते, घाईत एंटर मारला की फाइल त्याच टेम्पमधे कुठेतरी पडते. इंजिनिअर साहेबांची फाइल अजून असू शकते! विंडोज आणि आर दाबून %temp% असं टाइप करा आणि त्या दिवशीची एक्सेल शोधा, एक्सेलच्या रीसंट लिस्टमधेही बघा. डिस्क क्लीनअप मात्र त्याआधी चालवू नका. विनरार किंवा सेव्हन-झिपमधून उघडली असती तर फाइल बंद करताना "आर्काइव्ह अपडेट करू का" असं विचारलं असतं, तरीपण सवय एकच ठेवा, आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल आणि मगच काम. टेंडरच्या बीओक्यूला (दर भरायच्या तक्त्याला) तर हे शंभर टक्के पाळा, ती फाइल बाहेर काढून, नाव न बदलता, फक्त ठरलेल्या रकान्यांत भरायची असते. फाइलीत दुसरा काही बदल झाला तर बिड रद्द होऊ शकतं असं सूचनांमधे स्पष्ट असतं.

डाउनलोड अर्धवट झालं की झिप का उघडत नाही हेही सांगून ठेवतो. झिपमधल्या फाइलींची यादी, म्हणजे कुठली फाइल कुठे सुरू होते वगैरे, ही झिपच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. शेवटचे काही केबी जरी आले नाहीत तरी यादीच नाही, मग विंडोज सरळ "इनव्हॅलिड" म्हणतं, आतल्या बहुतेक फाइली शाबूत असल्या तरी. अशा वेळी परत डाउनलोड करणंच बरं. प्रत्येक फाइलीसोबत सीआरसी-३२ नावाचा एक तपासणी आकडा ठेवलेला असतो, पेनड्राइव्हवर बिलाचा सेट टाकलात की सेव्हन-झिपमधे टेस्ट दाबा, सगळ्या फाइली वाचून आकडे जुळतात का ते सांगतं. मी बॅकअप टेस्ट केल्याशिवाय मूळ फाइल कधीच डिलीट करू देत नाही ऑफिसात कुणालाही.

झिप विरुद्ध रार विचारलं नाहीत पण येणारच तो प्रश्न. झिप फिल कॅट्झ नावाच्या माणसाने १९८९ मधे आणली आणि फॉरमॅटची माहिती सगळ्यांना खुली ठेवली, म्हणून आज ती विंडोज, मॅक, मोबाइल सगळीकडे आपोआप उघडते. कुठलीही झिप नोटपॅडमधे उघडून बघा, पहिली दोन अक्षरं पी आणि के असतात, त्याच्या नावाची. डीओसीएक्सचंही तेच दिसेल. रार युजीन रोशाल यांची, ती विनरारनेच बनवता येते, सेव्हन-झिप रार उघडतं पण बनवत नाही. टेंडरच्या सूचनांमधे पीडीएफ, एक्सएलएस, रार, डीडब्ल्यूएफ, जेपीजी असं लिहिलेलं असतं तिथे रारच लागते, झिपचं नुसतं नाव बदलून रार केली तर ती रार होत नाही.

आणि विनरार ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते आत्ता अपडेट करा, हे मी हात जोडून सांगतोय. ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मधे त्यात अशी चूक सापडली होती की आर्काइव्हमधल्या साध्या दिसणाऱ्या फोटोवर क्लिक केलं की मागे लपवलेली स्क्रिप्ट चालायची, २०२५ मधे पुन्हा एक मोठी सापडली आणि ती ७.१३ मधे दुरुस्त झाली. ऑफिसांमधे अजून दहा वर्षं जुनी विनरार चालू असतात. अनोळखी मेलमधून "इनव्हॉइस" किंवा "पेमेंट अ‍ॅडव्हाइस" नावाची पासवर्डवाली झिप आली आणि पासवर्ड त्याच मेलमधे लिहिलेला असला तर उघडूच नका, पासवर्ड असल्यामुळे मेलच्या अँटिव्हायरसला आत बघता येत नाही आणि ते त्यासाठीच लावलेलं असतं.

डीटीपीवाली

डीओसीएक्स झिपच असते याचा एक रोजचा उपयोग सांगते. कुणी वर्डमधे चाळीस फोटो चिकटवून पाठवले आणि ते सुटे हवे असले तर एक एक राइट क्लिक करत बसू नका. फाइलची कॉपी करा, शेवटचं डीओसीएक्स काढून झिप लिहा, उघडा, आत वर्ड नावाच्या फोल्डरमधे मीडिया नावाचं फोल्डर असतं, सगळे फोटो तिथे मिळतात. एक्सेलमधे एक्सएल आणि मग मीडिया. साइट रिपोर्ट वर्डमधे आलेले असतात तुमच्याकडे, कामाला येईल.

साइटऑफिस_सातारा

एक्सेल टेम्पमधे सापडली!! साहेब खूश आहेत, जुना_सर्व्हर दादा तुमचे मनापासून आभार. विनरार पण बघितलं, ५ पॉइंट काहीतरी आहे, उद्याच नवीन टाकून घेते. मीडिया फोल्डरचं पण करून बघितलं, सगळे फोटो एकदम मिळाले.

एकच शेवटचं, आर्किटेक्टची रार एक्स्ट्रॅक्ट करताना काही ड्रॉइंगना "पाथ टू लाँग" असं येतं आणि तेवढ्या फाइली सुटतात, मी स्किप करत होते. ते काय आहे?

कोडकट्टा

स्किप करू नका, त्या फाइली मग तुमच्याकडे येतच नाहीत आणि नेमकी सुधारित ड्रॉइंगच त्यात असू शकते. विंडोजमधे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. तुम्ही डेस्कटॉपवर एक्स्ट्रॅक्ट करता, तिथे आधीच यूजरचं नाव वगैरे धरून पत्ता लांब, त्यात रारच्या नावाचं फोल्डर, त्यात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर, मग मजल्याचं, मग फाइल. डी ड्राइव्हवर सरळ "ए" नावाचं एक फोल्डर करा आणि तिथे काढा, बहुतेक सगळ्या निघतील. मग रारमधे किती फाइली दिसतायत आणि बाहेर किती आल्या तो आकडा जुळवून घ्या, आणि आधी स्किप केलेल्या ड्रॉइंगही परत काढून साइटवर कुठली रिव्हिजन गेलीय ते एकदा बघा.